दोन तास, कुठल्या घड्याळात?

अण्णा, दोन तासच लागतात. तुम्ही होतात तेव्हा हेच म्हणत होते, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली तरी हेच म्हणते. दिल्ली ते नांदेड, हवेतून सुमारे साडेदहाशे किलोमीटर, विमानाला दोन तास. आता तर ते हिंडनहून सुटतं, गाझियाबादच्या बाजूला, माझ्या मयूर विहारच्या घरापासून टॅक्सीने पाऊण तास. नकाशावर नांदेड दिल्लीच्या बरोबर खाली आहे, फूटपट्टी उभी धरली की दोन्ही गावं एका रेषेत येतात. मी दहा वर्षांची असताना तुम्हाला हे दाखवलं होतं. तेव्हाही पटलं नव्हतं तुम्हाला, आणि पुढे प्रत्यक्ष विमान सुरू झालं तरी पटलं नाही. नका पटवून घेऊ. मीही तुमचीच मुलगी आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

दिल्लीच्या लष्करी कँटमधल्या आपल्या क्वार्टरचं ते स्वयंपाकघर. एवढंसं, की दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने दारातूनच हात लांबवून पोळी घ्यायची. तुम्ही लष्करात रसदीच्या गाड्यांवर ड्रायव्हर, महिना महिना पहाडात, आणि घरी असलात की रविवारचं मटण तुमच्या हातचं. ओट्याच्या वर भिंतीला भारतातल्या रस्त्यांचा मोठा नकाशा. आई कुरकुरायची, देवाचं कॅलेंडर लावायच्या जागी हे काय लावून ठेवलंय म्हणून. त्याच्यावर फोडणीचे डाग, कोपऱ्यांना चिकटपट्ट्या, आणि रस्त्या-रस्त्यावर तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलेले आकडे. मला वाटायचं ते किलोमीटर असतील. एका रविवारी मी शाळेची फूटपट्टी घेऊन स्टुलावर चढते, दिल्ली ते नांदेड मोजते आणि जाहीर करून टाकते, "अण्णा, गाव फक्त एकवीस सेंटीमीटर आहे! उगीच एवढा वेळ रेल्वेत बसून राहतो आपण." तुम्ही कांदा परतताय. मागे वळूनही न बघता विचारता, "फूटपट्टीला टायर असतात का गं?"

आई खो-खो हसते आणि मला असा राग येतो की मी स्टुलावरून उतरायलाच तयार नाही. मग तुम्ही गॅस बारीक करता, हात पुसता आणि मला ते आकडे समजावता. ते तास होते. इथून इथवर नऊ, पाऊस असला तर चौदा. या घाटात सहा, पुढे गाय आडवी बसली नाही तर. आणि मग तुम्ही ती लंगरची गोष्ट सांगितलीत. लंगर म्हणजे तुमच्या जवानांची जेवणाची जागा, हे मला माहीत होतं, तिथल्या पुऱ्या मी खाल्ल्या होत्या. तरुणपणी तुम्हाला ताफ्याच्या पुढे पाठवलं होतं, पुढच्या मुक्कामी वर्दी द्यायला. लंगरवाल्यांनी विचारलं, किती वेळात येताय? तुम्ही छाती काढून सांगितलंत, चार तास. रस्ता तेवढाच होता, बिल्कुल. पण मागे दरड कोसळली आणि शेवटची गाडी अकरा तासांनी येऊन उभी राहिली. भात गार, डाळीवर साय, आणि पुन्हा चूल पेटवायला सरपण उरलेलं नाही. तिथल्या म्हाताऱ्या सुभेदाराने तुम्हाला एक शब्द ऐकवला नाही. गार भाताची थाळी तुमच्या हातात दिली आणि तुमचं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिला. "किती वेळ लागेल असं विचारणाऱ्याला अंतर नको असतं," तुम्ही म्हणालात, "त्याला चूल कधी पेटवायची ते पाहिजे असतं. सांगायचा तो शेवटच्या गाडीचा वेळ. जास्त सांगून लवकर गेलं तर कुणी मरत नाही." त्या दिवशी मटण जरा लागलं खाली, कारण तुम्ही बोलतच बसलात.

तुम्ही निवृत्त झालात, आईला घेऊन गावी निघालात आणि मी म्हटलं, मी येत नाही. मला नोकरी लागली होती. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. लग्नाचा विषय काढलात, मी तो उडवून लावला. निघायच्या सकाळी सामान बांधता बांधता तो नकाशा भिंतीवरून काढलात, घडी घातलीत आणि माझ्या हातात दिलात. "ठेव. रस्ता विसरशील," एवढंच. मला ते टोचलं, अजून टोचतं. विसरले नाही मी रस्ता. दर दिवाळीला आले, तुमच्या मोतीबिंदूला आले, काकांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला सुद्धा आले. पण येऊन पुन्हा परत जाते, हा माझा गुन्हा. गावातल्या कुणाचाही मुलगा दुबईला गेला की पेढे, आणि माझं मात्र "पोरगी लांब गेली". अच्छा! लांब कुठे? ज्या दिल्लीत तुम्ही मला वाढवलंत, शाळेत घातलंत, त्याच दिल्लीत मी राहिले. तुम्ही निघून गेलात अण्णा, मी जागची हललेच नाही.

आणि नोकरी तरी कसली लागावी! पुढे नोएडातल्या ज्या कंपनीत स्थिरावले तिथे माझं काम हेच, कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणारी पानं तयार करणं. कुणीतरी फोनवर दोन गावांची नावं टाकतं, आणि आमचं पान उघडतं, अंतर इतकं, उड्डाणाचा वेळ इतका. मधे विमान चालतं की नाही, रोज चालतं की आठवड्यातून तीनदा, ते खाली बारीक अक्षरात, असलं तर. नांदेडचं पान मी स्वतः बनवलं होतं, थेट विमान सुरू झालं त्याच आठवड्यात, आणि त्याच रविवारी तुम्हाला फोन केला होता. "अण्णा, दोन तास! सकाळचा चहा तुमच्याकडे, दुपारचं जेवण माझ्याकडे. या आता." तुम्ही विचारलंत, "दोन तास? कुठल्या घड्याळात?" घरून तालुक्याला जीप, तालुक्याहून नांदेड, तिथे दोन तास आधी जाऊन बसायचं, मग ते विमान, मग दिल्लीचा ट्रॅफिक, हे सगळं तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत, फोनवर, जणू मला बोटं दिसत होती. मी चिडले. म्हटलं, तुम्हाला यायचंच नाहीये, वेळेचं निमित्त. त्यानंतर आपला प्रत्येक रविवार तसाच गेला. मी दोन तास म्हणायचे, तुम्ही घड्याळ विचारायचात, आई मागून ओरडायची की आता बाकीचं बोला. तुम्ही माझ्या घरात एकदाही पाऊल टाकलं नाहीत. ओट्याच्या वर तुमचा नकाशा लावला होता मी, तो बघायला तरी यायचं होतं.

मग तो मे महिना. सकाळी सहाला काकांचा फोन. तुमचे धाकटे भाऊ, ज्यांनी आयुष्यात मला कधी "अगं" शिवाय हाक मारली नाही, ते नीट बोलू शकत नव्हते. तुम्ही अंगणात तोंड धुवायला गेलात आणि तिथेच बसलात, बस. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःला सावरलं आणि विचारलं, "अगं, किती वेळात पोहोचतीस? त्या हिशोबाने ठेवतो. तुझ्याशिवाय उचलायचं नाही म्हणते वहिनी." मी म्हटलं, "दोन तासांचं विमान आहे काका. येतेच." दिल्लीहून हैदराबाद, तिथून टॅक्सी. टॅक्सीवाला वाटेत जेवायला थांबला आणि मला त्याला नको म्हणता येईना, कारण ड्रायव्हरला ताटावरून उठवू नये हे तुमचंच. तो भाकरी मोडतोय आणि मी बाहेर उन्हात उभी आहे, फोनची रेंज जातेय येतेय. रेंज आली की काकांचा फोन, कुठवर आलीस? मी म्हणतेय, आले, आले. पुढे नांदेड, तालुका, मग आपला तो कच्चा रस्ता. गावात शिरले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आठ वाजले होते. साडेसहाला, सूर्य बुडायच्या आत, काकांनी तुम्हाला अग्नी दिला होता. मी थेट स्मशानात गेले. बायका जात नाहीत तिथे, गेले मी. वाटेत कुणाची बिशाद झाली नाही अडवायची. ज्वाळा अजून उंच होत्या आणि माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं, म्हणून मी तुमच्यावरच ओरडले, पोटभर. काय ओरडले ते सांगत नाही.

तेराव्याला मी काकांना सगळ्यांदेखत बोलले. दीड तास! दीड तास थांबता आलं नाही तुम्हाला, कसली घाई होती? मेच्या उन्हात सकाळपासून बर्फाशिवाय ठेवलेलं शरीर, ते बिचारे आणखी किती वेळ ठेवणार. त्यांनी एवढंच म्हटलं, "दोन तास म्हणाली होतीस, अगं. दुपारपर्यंत तर आम्ही दारातच उभे होतो." मी म्हटलं, विमान रद्द झालं, त्याला मी काय करू! त्या दिवसापासून त्यांच्या घरी मी पाणी प्यायले नाही. दिवाळीला जायचे ते आईकडे, भिंतीपलीकडे काकांचं घर, आणि मी नाक वर करून निघून यायचे. ते मात्र प्रत्येक वेळी मला तालुक्यापर्यंत सोडायला जीप काढायचे. मी मागच्या सीटवर बसायचे.

आता आई. तुम्ही गेल्यापासून तिचा एकच हेका, हे घर सोडणार नाही. मागच्या महिन्यात उंबऱ्यात पाय अडकून पडली. हाड मोडलं नाही, पण आता भिंत धरून चालते. डबा काकूच्या हातचा, औषधं काका आणतात. मी दर रविवारी सांगते, आई, इकडे ये, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, हिंडनला आता थेट विमान येतं, दोन तास. आणि ती म्हणते, बघू. तुमच्यासारखा वाद घालत नाही, नुसतं बघू. मला वाटायचं तुमचीच शिकवण, मी लांब आहे हे तुम्ही तिच्या डोक्यात भरवून ठेवलंय. ऑफिसात सुद्धा माझं डोकं फिरलं होतं. नांदेडच्या पानावर मी स्वतःहून एक ओळ टाकली, की विमान रोज नसतं, आधी वार बघा, आणि घरापासून घरापर्यंतचा वेळ वेगळा धरा. आमचा मॅनेजर, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, येऊन म्हणतो, "मैम, यूज़र को एक नंबर चाहिए, कहानी नहीं." ओळ काढली त्याने. मी पुन्हा टाकली. त्याने पुन्हा काढली. मी तिसऱ्यांदा टाकली आणि सांगितलं, आता काढून दाखव. तशीच आहे ती अजून. मग बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की अनोळखी माणसाला जे सांगण्यासाठी मी भांडतेय, ते घरच्या माणसाला मी एकदाही सांगितलेलं नाही.

परवाच्या रविवारी आईने स्वतःच विषय काढला. म्हणाली, "येते म्हणलं तर किती वेळ लागतो माय? खरं सांग." मी तोंड उघडलं, आणि दोन म्हणायच्या ऐवजी खरंच मोजायला बसले. गावाहून नांदेड दोन तास. तिथे दोन तास बसायचं. विमान दोन तास. उतरून सामान आणि घर, दीड. उशीर धरून आठ. "आठ तास, आई. घरापासून घरापर्यंत." ती म्हणाली, "बरं. आणि मला तिकडं काही झालं, तर इकडं आणायला? ह्यांच्या शेजारी?" असा प्रश्न ती इतक्या सहज विचारते, जणू दळण कधी आणायचं विचारतेय. मला रडू आलं, पण मी ते दाबलं आणि पुन्हा मोजलं. "थेट विमान असेल त्या दिवशी आठ-दहा. नसेल त्या दिवशी हैदराबादवरून, चौदा. मागे लागले होते तेवढे."

मग आई हळूच म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी थेट विमान नव्हतंच." तीच पुढे म्हणाली, "चौदा म्हणली असतीस तर भावजींनी तालुक्याहून बर्फ आणला असता. सकाळपस्तोर सुद्धा ठेवलं असतं. भावजी अजून म्हणतात बघ, वहिनी, आपण अजून जरा वेळ थांबायला पाहिजे होतं, पोरीचं दर्शन माझ्यामुळं हुकलं." मग तिने नाक शिंकरलं आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, "आठ तास म्हंजे एका वेळच्या भाकरी लागतील. शेंगदाण्याची चटणी घेते. ये न्यायला." मी म्हटलं, आई, येतेस? खरंच? ती म्हणाली, "यायचं तर मनात होतंच माझ्या. पण तू दोन तास, दोन तास करायचीस. एवढ्या लांबचं गाव दोन तासांवर सांगणाऱ्या माणसाच्या भरवशावर निघावं कसं?"

ऐकलंत? ही तुमची बायको. तुम्ही बोटांवर मोजून जे मला पटवू शकला नाहीत, ते तिने एका वेळच्या भाकरीत पटवलं. पण म्हणून तुम्ही जिंकलात असं समजू नका. मी दिल्ली सोडलेली नाही, सोडणारही नाही. मी इथेच म्हातारी होणार, याच बाल्कनीत, आणि आई माझ्या शेजारी बसून मेट्रो बघणार. आणि विमान हवेत दोन तासच असतं, हे मी चितेवर चढेपर्यंत म्हणणार. तुमच्या नकाशात दिल्ली ते नांदेड मधे तुम्ही कधी काही लिहिलंच नव्हतं, मी काल बघितलं. सगळीकडे तास लिहिलेत, आपल्याच गावाची जागा कोरी. का, ते विचारायला आता कुणी नाही. मी तिथे पेनाने चौदा लिहिलं. पेन्सिल नाही वापरली.

पण एक गोष्ट राहते, आणि ती लिहिण्यासाठीच बसले होते, उगीच इतकं फिरून आले. त्या सकाळी काकांचा फोन आला तेव्हा माझं पान समोर उघडं नव्हतं, म्हणजे पानाने मला फसवलं असंही नाही. तो वार विमानाचा नव्हता, हे मला तोंडपाठ होतं. ते "किती वेळ" म्हणाले, आणि माझ्या डोक्यात चौदा तासांचा सगळा रस्ता उभा राहिला, हैदराबादसकट. तरी मी दोन म्हटलं. चौदा म्हटलं असतं तर तुमचं खरं झालं असतं, अण्णा. तुम्ही तिकडे अंगणात पडला होतात आणि मी इकडे तुमच्याशी भांडणच जिंकत होते. रद्द झालेलं विमान मी नंतर रचलं, आणि आठ वर्षं त्याचा राग काकांवर काढला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? नकाशाच्या घडीत ठेवते आहे. शुक्रवारी आईला आणायला निघतेय, थेट विमानाचा वार आहे, दोनदा बघितलाय. काका नांदेडला जीप घेऊन येणार आहेत. आज सकाळी त्यांचा मेसेज आलाय, "अगं, किती वाजता पोहोचतीस?" संध्याकाळ झाली, आणि मी अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही.